सरांच्या छातीचा फोटो

इस्पितळातल्या एक्स-रेच्या खोलीत सव्वीस वर्षं काढलेल्या बाईंना सगळे फोटोताई म्हणत. येणारा प्रत्येक जण ‘छातीचा फोटो काढायचाय’ म्हणायचा, त्यावरून पडलेलं नाव. शिशाचा जड एप्रन घालून ताई दिवसभर सांगत राहायच्या, “श्वास घ्या... धरून ठेवा... सोडा.”

त्यांचे यजमान भूगोलाचे निवृत्त मास्तर. शेजारीपाजारी त्यांना सर म्हणत. एकतीस वर्षं त्यांनी फळ्यावर बर्फाचे डोंगर काढले, पण खरा बर्फ पाहिला तो फ्रीजमधला. हा विनोद त्यांचाच. निवृत्तीनंतर त्यांनी डोंगरमाथ्यावरच्या एका राष्ट्रीय उद्यानात जायचं मनावर घेतलं. चार हजार मीटरवरचं पठार, गोठलेलं तळं, कड्यावरून उतरणाऱ्या रानमेंढ्या. जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला तो उचलला म्हणून गेला नाही. ताटं त्याच्या कडेकडेने मांडली जायची. ताईंना थंडीचं नावही नको असायचं. पण हा माणूस इतका खुललेला त्यांनी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. त्यांनी निमूट लोकरीचे मोजे विणायला घेतले.

पंचावन्नच्या पुढच्यांना उद्यानाच्या परवान्यासाठी डॉक्टरांचा दाखला लागत होता. सर ताईंच्याच खोलीत फोटोला उभे राहिले, नवरदेवासारखे ताठ. ताईंनी बटण दाबलं. पडद्यावर चित्र उमटलं. हृदयाची सावली संपायला हवी तिथे संपतच नव्हती. डावीकडे पसरत पार बरगड्यांच्या भिंतीला टेकली होती.

“कसा आलाय?” सरांनी शर्टाची बटणं लावत विचारलं.

“डॉक्टर सांगतील.” हजारो लोकांना दिलेलं हेच उत्तर त्या दिवशी ताईंनी नवऱ्यालाही दिलं.

डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. “सर, हृदय मोठं झालंय. औषधांनी इथे नीट चालेल. पण तिथली हवा किती विरळ असते, ते मी तुम्हाला काय सांगणार? दाखला मी देणार नाही.”

घरी आल्यावर सर बराच वेळ नकाशावर बोट फिरवत बसले. मग मान वर न करता म्हणाले, “अगं, रोज चाळीस फोटो काढतेस. एखाद्या धडधाकट माणसाच्या फोटोवर माझं नाव घाल. मी दुसरा डॉक्टर गाठतो. कोण बघतंय?”

“मी बघतेय.”

“जीव माझा आहे.”

“अहो, सव्वीस वर्षांत एकाचा फोटो दुसऱ्याच्या नावावर गेला नाही माझ्या हातून. आणि पहिला घालवू तो तुम्हाला मारायला?”

त्यानंतर चार दिवस सर फक्त हो आणि नाही एवढंच बोलले. ताईंचं कामात लक्ष लागेना. एक सुतार खोकला घेऊन आला. त्याचा फोटो काचेसारखा स्वच्छ निघाला. संगणकात नाव टाकताना ताईंची बोटं क्षणभर थबकली. मग त्यांनी सुताराचंच नाव टाकलं आणि मोरीवर जाऊन तोंडावर पाणी मारलं. आपण नवऱ्याला वाचवतोय की त्याचं एकुलतं एक स्वप्न हिरावून घेतोय, हे त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं.

पाचव्या दिवशी त्या कामावरून परतल्या, तर सर दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर भाजीची पिशवी घेऊन बसलेले. कपाळ घामाने डबडबलेलं, तोंडातून शब्द फुटत नव्हता. ताई शेजारी टेकल्या. थोड्या वेळाने सरांना बोलता आलं.

“वर असं झालं असतं, तर काय केलं असतंस?”

“काय करणार? रडले असते.”

सर हसले, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले.

ताईंनी उद्यानाच्या कचेरीत आधीच फोन करून ठेवला होता. “खालच्या फाटकाशी विश्रामगृह आहे. ते फार उंचावर नाही. तिथवर जायला डॉक्टरांची ना नाही. शिखरं दिसतात म्हणे.”

“फाटकातून परत यायला मी काय पेपर टाकायला चाललोय?” सर उसळले. पण घरात शिरून खुर्चीवर बसल्यावर त्यांचा आवाज खाली आला. “बरं. मी फाटकाशी थांबतो. पण वर तू जायचंस. तळं बघायचं आणि मला सगळं सांगायचं. तीन दिवसांचा तर प्रश्न.”

तीन दिवस या माणसाला परक्या जागी एकटं सोडायचं! नाही म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, सरांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि “बरं” म्हणाल्या.

ताईंनीही पंचावन्न ओलांडली होती; दाखल्यासाठी त्यांचा फोटो सहकारिणीने काढला. अगदी निर्दोष आला, आणि त्याची ताईंना उगाचच लाज वाटली. सरांनी तो खिडकीशी धरून खूप वेळ पाहिला. “सुरेख आहे,” एवढंच म्हणाले आणि ताईंच्या नावाचा अर्ज भरायला बसले. अडचणीच्या वेळी कुणाला कळवायचं, या रकान्यात त्यांनी ठसठशीत अक्षरात स्वतःचं नाव लिहिलं. खाली सरांना काही झालं, तर वर ताईंना कळवायला पठारावर फोन लागत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. ताईंनी अर्जाखाली सही केली.