डीपीवाली बंदूक

आमच्या घरी बंदूक आली ती खताच्या पोत्यात गुंडाळून, लिफ्टमधून. मनीषनगरच्या आमच्या सोसायटीत लिफ्टमधून फर्निचर न्यायला बंदी आहे, बंदुकीबद्दल पाटीवर काही लिहिलेलं नाही. नवऱ्यानं ती जुन्या सामानाच्या एका व्यापाऱ्याकडून विकत घेतली होती आणि त्या संध्याकाळी त्याचा चेहरा नुकत्याच बाप झालेल्या माणसासारखा होता. दोन्ही मुलींच्या वेळी तो एवढा खूश दिसला नव्हता, हे मी तिथल्या तिथे बोलून दाखवलं. त्यानं ऐकलं नाही.

ती होती दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली लष्करी रायफल. गंजलेली, लाकडी दस्त्याला पांढऱ्या रंगाचा जाड पट्टा मारलेला, आणि नळीच्या मागच्या भागात आरपार भोक. त्या भोकामुळे ती कायमची निकामी होती आणि व्यापाऱ्यानं तसं सांगूनच विकली होती. तरी खबरदारी म्हणून नवरा ती पोलीस ठाण्यात दाखवून आला. तिथला शिपाई म्हणाला, "भाऊ, हिच्यानं कबूतर बी नाही मरत. डोक्यात घातली तर गोष्ट वेगळी." नवऱ्यानं हेही ऐकलं नाही, कारण तोवर त्याला दस्त्यावर कोरलेली दोन इंग्रजी अक्षरं दिसली होती. डी आणि पी.

त्याच्या आजोबांचं नाव द वरून आणि आडनाव प वरून. आजोबा इंग्रजांच्या फौजेत शिपाई होते आणि ब्रह्मदेशात लढले, एवढंच घरात माहीत. फोटो नाही, पदक नाही. तर आजोबांची तीच बंदूक नातवाला शोधत शोधत नागपुरात आली, असं नवऱ्यानं ठरवून टाकलं. लग्नात आलेल्या पातेल्यावर आपण नाव कोरून घेतो, तसं इंग्रज सरकारनं आमच्या आजेसासऱ्यांच्या बंदुकीवर नाव घातलं होतं म्हणे. शेजारच्या पलटणीत गेली तर परत यावी म्हणून असेल.

मला ती अक्षरं बघताक्षणी कळली होती. कॉलेजात तीन वर्षं मी छात्रसैनिक होते आणि अशीच डीपीवाली रायफल खांद्यावर घेऊन मैदानावर घाम गाळला होता. डी म्हणजे ड्रिल, पी म्हणजे पर्पज. जुनी झालेली बंदूक भोक पाडून, पांढरा पट्टा मारून पोरापोरींच्या हातात द्यायची, ती फक्त कवायतीपुरती. मी हे सांगायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात मामाजी आतल्या खोलीतून बाहेर आले.

मामाजी म्हणजे माझे सासरे. भिवापूरकडच्या खेड्यातले, कोराडीच्या वीजकेंद्रातून निवृत्त, पंच्याहत्तरीच्या पुढचे. ते लहान असतानाच त्यांचे वडील गेले. वडिलांची एकच आठवण त्यांच्याकडे आहे, नागपुरात धम्मदीक्षेच्या दिवशी त्यांच्या खांद्यावर बसून पाहिलेली माणसंच माणसं. बापाचा चेहरा आठवत नाही, खांदा आठवतो, असं ते म्हणतात. नवऱ्यानं बंदूक त्यांच्या हातात दिली आणि सांगितलं, "बाबा, हे तुमच्या बाबाची आहे." मामाजींनी त्या दोन अक्षरांवरून बोट फिरवलं. म्हाताऱ्याला बापाची म्हणून पहिल्यांदाच एक वस्तू मिळाली होती, ती मी हिसकावून घेऊ? माझं मन धजेना. मी गप्प बसले ते त्यांच्यासाठी, नवऱ्यासाठी नव्हे, हे इथे स्पष्ट करते.

पुढचे काही रविवार आमच्या जेवणाच्या टेबलावर महायुद्ध चाललं. रॉकेलचा वास पोळ्यांना लागला. गंज घासून घासून नवऱ्यानं नळी चकचकीत केली, आणि दस्त्यावरचा पांढरा पट्टा कुणा अडाणी रंगाऱ्याचं काम समजून पॉलिश पेपरनं खरवडून काढला. तो पट्टा म्हणजे बंदुकीची ओळख होती, आणि हा गडी शीळ घालत ती पुसत होता. लाकडाला लावायला त्यानं 'लिनसीड ऑइल' नावाची इवलीशी बाटली घरपोच मागवली. "अहो, हे जवसाचं तेल आहे," मी म्हटलं, "भिवापुरी मिरचीच्या ठेच्यावर तुम्ही हेच ओतून घेता." त्यानं माझ्याकडे दयेनं पाहिलं. बाटली संपल्यावर मात्र तो गुपचूप माझी बरणी घेऊन गेला, आणि महिनाभर आम्ही ठेचा कोरडा खाल्ला.

मग बंदूक हॉलमध्ये लागली, बुद्धमूर्तीच्या समोरच्या भिंतीवर. कोराडीचे मामाजींचे एक जुने सोबती बघायला आले. डीपी म्हटलं की त्यांना फक्त ट्रान्सफॉर्मर माहीत, त्यामुळे ही आपल्याच खात्याची दिसते, असं ते गंभीरपणे म्हणाले. नवऱ्यानं बंदुकीचा फोटो आपल्या व्हॉट्सॲपचा डीपी केला. पाहुण्यांना तो नळीतलं भोक दाखवी आणि शत्रूची गोळी लागली ती इथे, असं सांगे. आजोबांनी मारलेले शत्रू सुरुवातीला दोन-चार होते. पोळ्याच्या सणापर्यंत अख्खी तुकडी झाली. आजोबा मरून इतकी वर्षं झाली, तरी त्यांची कामगिरी थांबायचं नाव घेत नव्हती.

या काळात मामाजींची खुर्ची बाल्कनीत गेली. संध्याकाळची वंदना ते हॉलमध्ये मोठ्यानं म्हणत, ती आता आपल्या खोलीत दार लोटून पुटपुटू लागले. बापाच्या आठवणीनं भरून येत असेल, असं मी समजले. आपण बोललो नाही ते बरंच केलं, असंही मनात आलं.

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी सोसायटीचे सेक्रेटरी आले. "वहिनी, उद्या शस्त्रपूजेले तुमची बंदूक पाहिजे," ते म्हणाले. "दरवर्षी विळे न् स्क्रूड्रायव्हरचीच पूजा करून राहिलो आपण. हे मधात ठेवू, मोठा हार घालू." उद्याचा दिवस आमच्या घरात दीक्षाभूमीवर जाऊन हात जोडायचा, शस्त्राला हार घालायचा नव्हे. पण नवरा मोठ्या हाराच्या कल्पनेनंच विरघळला होता. "न्या ना," तो म्हणाला.

बाल्कनीचं दार उघडून मामाजी आत आले.

"हार नको घालू गा तिले. किती मानसं मेले असतीन हिच्यानं? तूच तर सांगतं सगळ्याइले. त्यायलेबी लेकरं असतीन. हिंसा करनार नाही, हे पहिलंच शील म्हनतो मी, न् मले माह्या बापाचे हात दिसते. म्हनून बाहीर बसून राहिलो मी."

मी स्टूल ओढलं, बंदूक खाली घेतली, साडीचा पदर खोचला आणि हॉलच्या मधोमध उभी राहून सलामी शस्त्र करून दाखवलं. हाताला सगळं आठवत होतं.

"मामाजी, ही तुमच्या बाबांची नाही. डीपी म्हणजे कवायतीची बंदूक. कॉलेजात मी अशीच वागवली आहे."

"हे तुला कसं माहीत?" नवरा ओरडला.

"कॉलेजात छात्रसैनिक होते, बायोडेटात लिहिलं होतं. तुमच्या घरी उंची आणि रंग तेवढाच वाचला."

सेक्रेटरींनी विचारलं, "म्हणजे डुप्लिकेट आहे काय?" अस्सल आहे पण कवायतीची आहे, हे मी सांगितल्यावर ते म्हणाले, मग राहू द्या, आणि विळ्यांकडे परत गेले.

मामाजी मात्र माझ्यासमोरून हलले नाहीत. "म्हन्जे माह्या बापानं हिच्यानं कोनाले मारलं नाही?"

"नाही, मामाजी. त्यांनी ही हातातसुद्धा घेतली नव्हती."

दुसऱ्या एखाद्या बंदुकीचं मला माहीत नव्हतं, आणि त्यांनीही विचारलं नाही. ते खाली बसले, चष्मा काढून डोळे पुसले, आणि मग माझ्याकडे बघत म्हणाले, "तुले पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"हो."

"मंग मले बाहीर काहून बसू देल्लं वं?"

मी उठून त्यांची खुर्ची आत आणली.

बंदूक अजून तिथेच आहे. मामाजींनीच लटकू दे म्हटलं, आणि आता वंदना पुन्हा तिच्यासमोर मोठ्यानं होते. पाहुणे आले की नवरा चहा ठेवायला आत पळतो, आणि मामाजी खुर्चीतून उठून त्यांना भिंतीपाशी नेतात. नवऱ्याला शत्रूची अख्खी तुकडी मारल्याचं सांगतानाही कधी जमला नाही इतक्या रुबाबात ते सांगतात, "पाहा, हे माह्या बापाची नाही."