फल्ली नाही याच्यात

चूक बाबांची होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या नातेवाइकांत चूक वाटून घ्यायची पद्धत आहे. थोडी पोराची, थोडी पोरीची, थोडी डॉक्टरची, आणि म्हाताऱ्या माणसाला तेवढं सोडून द्यायचं. मी सोडणार नाही.

माझ्या भाचीला, चिमीला, एक्झिमा आहे. हे घडलं तेव्हा वय साडेपाच. कोपरांच्या आत, गुडघ्यांच्या मागे, मानेवर कातडी लाल व्हायची आणि फाटायची. सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके दिसायचे. घरात अशी पोर असली की किस्से शोधावे लागत नाहीत, दर सणाला एखादा आपोआप येऊन पडतो. मित्रांना सांगितले की ते हसतात. मीही हसतो. सांगताना माझे तळहात ओले होतात, ते त्यांना दिसत नाही.

भिलाईत, मरोद्याच्या घरात आम्ही चौघं. बाबा स्टील प्लांटमधून रिटायर झालेले. ताई एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते. भाऊजी रेल्वेत, बिलासपूरकडे, महिन्यातून दोनदा येतात. आई नाही. मी पॉलिटेक्निक तिसऱ्या सेमिस्टरला सोडलं, म्हणून स्वयंपाक माझ्याकडे आला. बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "इंजिनीअर बनाले गेला होता. आता फोडनी देऊन राहिला."

* * *

तपासण्या करून डॉक्टरीणबाईंनी दोनच गोष्टी सांगितल्या. आंघोळ झाली की लगेच अंगभर मलम. आणि फल्ली बंद. आमच्याकडे शेंगदाण्याला फल्ली म्हणतात, आणि जिच्यात फल्लीचा कूट पडत नाही अशी भाजी आमच्या घरात होत नव्हती. "कणभरही नको," बाई म्हणाल्या. "नुसती खाज नाही येणार. श्वास अडकू शकतो. बाकी दूध, अंडी, डाळी सगळं खाऊ द्या, पोरगी वाढली पाहिजे."

घरी पोचेपर्यंत बाबांनी याचं बरोबर उलटं केलं. अंडं बंद, दही बंद, टमाटर बंद. फल्ली चालू.

"फल्ली आपली रोजची चीज आहे," ते म्हणाले. "आमी फल्ली खाऊनच मोठे झालो. आमाले कावून नाई झालं?"

ताईनं पर्स खाली ठेवली. "बाबा, तुम्ही तीस वर्षं भट्टीसमोर उभे राहिले, तुमाले काही नाई झालं. तिले नेऊन उभी करू का तिथं?"

बाबा दोन दिवस ताईशी बोलले नाहीत. ते दोन दिवस घरात फल्ली शिजली नाही, म्हणून मला ते चांगले आठवतात.

* * *

कॅम्प-वन भागातल्या बुद्धविहारात एक मावशी आहेत. सख्ख्या नाहीत, पण सगळ्या वस्तीच्या मावशी. महिला मंडळ त्यांचं, विहारातल्या जेवणाची मोठी गंज-पातेली त्यांची, आणि कोणाच्याही पोराच्या अंगाला हात लावायचा हक्कही त्यांचाच. एकदा कडुनिंबाचा पाला वाटून घेऊन आल्या आणि आम्ही काही म्हणायच्या आत चिमीच्या फाटलेल्या कोपरांवर थापला. पोरगी असा आवाज काढून रडली की शेजारचे बाहेर आले.

मी म्हणालो, "मावशी, तिले झोंबून राहिलं."

"रडून राहिली म्हनजे औषध लागून राहिलं."

मी चिमीला उचलून नळाखाली नेलं. मागून मावशी बाबांना सांगत होत्या, "तुमचं पोरगं लय भित्रं आहे हो." हे त्यांचं बरोबर होतं.

* * *

धम्मचक्र दिनाला आमच्या घरी आलू-वांग्याचा रस्सा असतो, फल्लीच्या कुटानं घट्ट केलेला. फल्ली नसेल तर बाबांच्या लेखी तो रस्सा नाही, पाणी. त्या वर्षी मी फुटाणे दळले. थोडे तीळ, थोडं खोबरं, तेल निम्मं. खिरीत साखरेऐवजी गूळ, वर काही नाही. तळलेले वडे काढून टाकले आणि चिमीसाठी उकडलेल्या डाळीच्या वड्या केल्या. तीळ-खोबरं तिला चालतं, हे आधी डॉक्टरीणबाईंना फोन करून विचारलं. दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा त्या म्हणाल्या, "आता तुम्ही एकदा जेवून घ्या."

चिमीनं पहिला घास घेतला तेव्हा मी तिचे ओठ बघत बसलो. सुजले नाहीत. मग बाबांकडे बघितलं. ते तिसऱ्यांदा रस्सा वाढून घेत होते.

"आज बराबर जमला," ते म्हणाले. "पाह्य, फल्लीशिवाय ही चव येतच नाही."

ताईनं तोंडावर पदर धरला. फुटाण्यांचं मी सांगितलं नाही. नंतरही सांगितलं नाही. प्रत्येक सणाला तोच रस्सा आणि बाबांची तीच तारीफ, आणि आम्ही दोघं आत जाऊन हसायचो. एवढ्या वर्षांत त्यांना पहिल्यांदा काहीतरी कळत नव्हतं आणि मला कळत होतं. ती मजा मी सोडायला तयार नव्हतो.

* * *

चिमी मात्र शिकली. आम्ही तिला एकच वाक्य शिकवलं होतं, "याच्यात फल्ली आहे का?" ती ते शाळेत विचारायची, दुकानात विचारायची, खोकल्याच्या औषधाच्या बाटलीला विचारायची. एकदा विहारात भंतेजींनी तिला केळं दिलं. तिनं ते दोन्ही हातांत धरलं आणि विचारलं, "इसमें फल्ली है क्या?"

मंडळी हसली. भंतेजी हसले नाहीत. त्यांनी केळं परत घेतलं, सोललं, चारही बाजूंनी नीट पाहिलं आणि म्हणाले, "मुझे तो नहीं दिख रही, बेटा."

मगच तिनं खाल्लं. माझ्या ओळखीच्या मोठ्या माणसांत तिचा प्रश्न खरा मानणारे तेवढे एकच.

* * *

बाबांसाठी मात्र घरात फल्ली येतच होती. ते ती सकाळी स्वतः भाजून खायचे. म्हणून मी चिमीसाठी एक लहान कढई, एक पळी, एक डबा आणि एक ग्लास वेगळा काढला. सगळ्यांना लाल दोरा बांधला आणि वरच्या फळीवर ठेवलं.

बाबा स्वयंपाकघरात आले. फळीवरच्या ग्लासाचा दोरा बोटानं चाचपला.

"हे कोनाचं?"

"चिमीचं."

"वेगळं कावून?"

मी सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं सगळं पुन्हा सांगितलं. ते ऐकत नव्हते. म्हणाले, "माह्या बापाचा कप गावच्या हॉटेलात बाहेर खिळ्याले टांगून राह्यचा. चहा वरून ओतत. पानी वरून ओतत. प्यायचा, धुवायचा, परत टांगायचा. मी पाह्यलं आहे. माह्या घरात कोनाचं भांडं वेगळं नाई राह्यनार."

"बाबा, ते लोक आपल्याले दूर ठेवत होते. मी तिले वाचवून राहिलो."

"ते बी कारनच सांगत. साफसफाई म्हनत."

आता हे बोलणं चांगलं होतं, मी नाही म्हणत नाही. जयंतीच्या स्टेजवर टाळ्या पडल्या असत्या. पण दुसऱ्या दिवशी सकाळी लाल दोरा कचऱ्यात होता आणि चिमीच्या कढईत बाबा फल्ली भाजत होते. चिमी बाजूला ओट्याला टेकून उभी होती, फ्रॉकच्या बाहीत नाक खुपसून.

मी तिला बाहेर काढलं. कढई तीनदा घासली, मग फेकून दिली. नवी आणली, सगळ्यांना लाल दोरा पुन्हा बांधला. बाबा म्हणाले, "एवढं काय झालं?" काही झालं नव्हतं. त्यांचा सगळा युक्तिवाद एवढाच होता, की अजून काही झालं नाही.

* * *

बुद्ध पौर्णिमा. मे महिना, भिलाईचं ऊन, घामानं चिमीची मान सोलून निघालेली. विहारात दुपारचं भोजन. मी तिचं जेवण घरून केलं होतं, खीर, भात आणि आमचा आलू-वांग्याचा रस्सा, लाल दोऱ्याच्या डब्यात. मावशींना सांगितलं होतं. ताईची ड्यूटी होती. मला पाण्याच्या ड्रमकडे बोलावलं म्हणून चिमीला बाबांजवळ बसवलं. म्हणालो, "फक्त डब्यातलं."

"हो रे," बाबा म्हणाले.

पंगत बसली. सगळ्यांसमोर पत्रावळी, आणि एकटी चिमी डबा घेऊन. कोणीतरी विचारलं, "पोरीचं वेगळं का हो?" ते कोण होतं ते मला माहीत नाही. पुढचं मावशींनी सांगितलं. बाबांनी डबा उचलून मागे ठेवला आणि चिमीसमोर पत्रावळ ओढली. सगळ्यांचा तोच भात, सगळ्यांचा तोच रस्सा. घास कालवून त्यांनी हात पुढे केला.

चिमीनं विचारलं, "आबा, याच्यात फल्ली आहे का?"

बाबांनी तिला उडवून लावलं नाही. घास खाली ठेवला, रस्सा बोटावर घेऊन चाखला. नीट, सावकाश. मग म्हणाले, "नाई बेटा, फल्ली नाई याच्यात. आपल्या घरासारखाच आहे."

तिनं त्यांच्या हातून दोन घास खाल्ले.

मी ड्रमकडून आलो तेव्हा ती खोकत होती आणि तिचे ओठ तिचे नव्हते. पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. स्कूटर मावशींच्या मुलानं चालवली. मी मागे, चिमी आमच्या दोघांच्या मध्ये. प्रत्येक सिग्नलला मी तिच्या पाठीला कान लावत होतो. आतून बारीक शिट्टीसारखा आवाज येत होता, आणि मला भीती त्या आवाजाची नव्हती, तो थांबण्याची होती. दवाखान्यात मांडीत इंजेक्शन दिलं, नाकावर ऑक्सिजन लावला. ताई आली ती लॅबच्या कोटातच. तिनं मला विचारलं, "कोनी दिलं?" मी सांगितलं. फुटाण्यांचं, म्हणजे घरच्या रश्शात फल्लीच असते आणि ती चिमीला पचते असं बाबांना आम्हीच वाटू दिलं होतं, ते सांगितलं नाही. तिला ते माहीतच होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चिमीला घरी आणलं. बाबा दारातच उभे होते. ते आत गेले, माठातून ग्लासभर पाणी आणलं आणि तिच्यासमोर वाकले.

चिमीनं ग्लासाकडे पाहिलं. मग त्यांच्या हाताकडे.

"याच्यात फल्ली आहे का?"

"पानी आहे, बेटा."

ती खुर्चीवर चढली, वरच्या फळीवरून लाल दोऱ्याचा आपला ग्लास काढला आणि स्वतःच्या हातानं पाणी घेऊन प्यायली. ग्लास धुतला. परत जागेवर ठेवला.

याला आता एक वर्ष झालं. चिमीची कातडी पुष्कळ बरी आहे. बाबांनी फल्ली सोडली. चिमी त्यांच्या हातचं पाणी घेत नाही.