तारेवरचे शर्ट

आम्ही मास्तर लोक एकत्र बसलो की किस्से निघतातच. पण भोकरदनच्या आमच्या तीन खोल्यांचे किस्से शाळेतले कमी आणि अंगणातल्या कपड्यांच्या तारेवरचे जास्त! पंच्याण्णवच्या आसपासची गोष्ट. एका खोलीत मी, दुसरीत विज्ञानाचे पठाण सर, तिसरीत वयानं मोठे खरात गुरुजी. तिघांचीही घरं लांब. शाळेला पांढरा शर्ट सक्तीचा, आणि धुवायला दुसरं कोणी नाही.

पठाण सरांनी पहिल्यांदा शर्टाला नीळ दिली ती बादलीत अर्धी बाटली उपडी करून. दोन थेंबांनी पांढरा होतो, तर अर्ध्या बाटलीनं किती होईल, असा त्यांचा हिशेब! सकाळी प्रार्थनेला शर्ट पार आभाळी. हेडमास्तर जवळ आले आणि हळूच म्हणाले, "पठाण सर, मिश्रणाचा धडा तुमच्याकडेच आहे ना?"

*

मग तार गंजली. तिघांच्याही शर्टांच्या पाठीवर तांबूस आडवी रेघ. फळ्याकडे वळलो की वर्ग खिदळायचा. मी वैतागलो. पठाण सर म्हणाले, "हसू द्या सर. निदान फळ्याकडे बघून तरी राह्यलेत!"

*

खरात गुरुजींचे शर्ट मात्र तारेवर कधी नसायचेच. त्यांचं घर शहागडला. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मळके शर्ट पिशवीत भरून ते एसटी गाठायचे. सोमवारी यायचे ते बगळ्यासारखे. धुणं वहिनींच्या हातचं!

"गुरुजी, शर्टांचा बी पास काढा," पठाण सर चिडवायचे.

"काढला असता," गुरुजी म्हणायचे, "पण कंडक्टर इचारंल, मळक्याचा काढू का धुतल्याचा?"

*

पुढं वहिनी आजारी पडल्या. छातीचं दुखणं. डॉक्टरनं सांगितलं, वाकायचं नाही, धुणं बंद. गुरुजींनी शर्ट धोब्याकडे टाकले. वहिनींनी दोन दिवस ताटाला हात लावला नाही.

"म्हणाली, मंग माझं काम काय राह्यलं?" गुरुजींनी आम्हाला हे सांगितलं आणि चहा तसाच ठेवून उठले. 

मग गुरुजी दर शुक्रवारी शर्ट इथंच धुवायला लागले. तार पहिल्यांदा भरली. आम्हाला वाटलं, वहिनींची समजूत पटली असेल.

*

एका शनिवारी पठाण सर पाणी भरायला बाहेर आले, तर गुरुजी वाळलेल्या शर्टाच्या कॉलरवर खडू घासत बसलेले.

"गुरुजी! काय करून राह्यलेत?"

गुरुजी दचकले. मग म्हणाले, "धुतलेला नेला तर तिला कळंल ना. आन् मळका नेला तर घासत बसंल. खडू कसा, पाण्यात धरला की निघतो. रविवारी बादली घिऊन दारात बसती बघा, तेवढा येळ ती आजारी नसती."

पठाण सरांनी शर्ट हातात घेऊन उजेडात धरला. म्हणाले, "पण गुरुजी, पांढऱ्यावर पांढरा खडू दिसंल कसा?" आणि खोलीत जाऊन, आकृत्या काढायचा गुलाबी खडू घेऊन आले.

तेव्हापासून दर शनिवारी हाच कार्यक्रम. पठाण सर खडू द्यायचे, गुरुजी कॉलरला लावायचे, मी पिशवी धरायचो. सोमवारी शर्ट स्वच्छ आलेला दिसला की आम्हा दोघांना हायसं वाटायचं. वहिनींचा आठवडा बरा गेला, एवढं त्यावरून कळायचं. पुढं पुढं कॉलरच्या घडीत फिकट गुलाबी डाग राहायला लागला. गुरुजी खडू हलका लावायला लागले.

*

आणि एक सोमवार. गुरुजी सकाळच्या गाडीनं थेट शाळेत आले, प्रार्थनेच्या ओळीत येऊन उभे राहिले. शर्टाची घडी नेहमीसारखी वहिनींच्या हातची, सुरेख, इस्त्री केल्यासारखी. कॉलरवर शनिवारचा गुलाबी खडू, लावला होता तसाच. पठाण सरांनी माझं मनगट धरलं.

प्रार्थना झाली. हेडमास्तर हसत हसत गुरुजींपाशी आले. "काय हो गुरुजी, पहिला तास व्हायच्या आधीच खडू?" आणि झटकायला हात पुढं केला.

गुरुजी एक पाऊल मागं सरले.

"न्हाई सर, धुतलेला हाय," ते म्हणाले. "काल घरी तिनंच धुतला."

आणि कॉलर सरळ करून वर्गावर गेले.