घोटभर पाणी

केदारखेड्याहून मी पहिल्यांदा निघाले तेव्हा एसटीच्या खिडकीखाली आबा उभे होते, माझे वडील. पुण्याच्या एका दवाखान्यात मला नर्सची नोकरी लागली होती. आत्यानं आदल्या दिवशीच ऐकवलं होतं, "पोरगी लोकायचं गू-मूत काढाया चालली." आबांनी त्याचं उत्तर गाडी सुटताना दिलं, साऱ्या फाट्याला ऐकू जाईल असं, "जितं मानूस सांभाळाया चालली माझी लेक!" मी लाजून काच ओढून घेतली.

पुण्यात मला मेंदूच्या वॉर्डात टाकलं. गाडीवरून डोक्यावर पडलेली तरणी पोरं आणि अंगावरून वारं गेलेली, म्हणजे लकवा झालेली, म्हातारी माणसं. त्यांची कूस बदलायची, पाठ चोळायची, नाकातल्या नळीतून भरवायचं आणि नातेवाइकांशी भांडायचं. भांडण एकाच गोष्टीवरून, पाण्यावरून. लकव्यात गिळणं बिघडलं की पातळ पदार्थ सरळ श्वासनळीत उतरतो. घट्ट एक वेळ जातं, पाणी नाही. पण आपल्यात आजाऱ्याला पातळच द्यायचं. पेज पातळ, वरण पातळ, दूधसुद्धा पाणी घालून. माझी पाठ वळली की कुणाच्या पिशवीतून चमचा निघेल याचा नेम नसे. मला सगळे 'पाणीबंद सिस्टर' म्हणत. म्हणोत बापडे.

गावी राहिलेल्यांनो, तुम्हाला वाटतं आम्ही शिकून गेलो म्हणजे सुटलो. ऐका मग.

एके दिवशी आबांच्याच अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. जालन्याच्या दवाखान्यातून नाकात नळी घालून त्यांना घरी आणलं, तेव्हा मी रजा काढून आले. माय आणि धाकटा भाऊ विष्णू, दोघांना सगळं शिकवलं. तोंडानं थेंबही द्यायचा नाही, म्हणून मायला माझ्या गळ्याची आण घातली. ती बघतच राहिली. "तहानल्या मानसाला पानी न्हाई म्हनू? नवऱ्याला?" मग पदरानं डोळे पुसून म्हणाली, "बरं बाई. तू शिकलेली."

रजा संपली. मी निघाले तेव्हा आबा डावा हात ओठांकडे नेत होते. पाणी मागत होते. मी ओला बोळा त्यांच्या ओठांवरून फिरवला आणि गाडी गाठली.

पुढे फोनवर मायचा आवाज इतका हसरा आला की मला धडकीच भरली. "आगं, पानी पिऊन राह्यले तुझे आबा! पयले ठसका लागायचा, आता बिलकुल न्हाई लागत." ठसका थांबला म्हणजे बरं वाटलं, असा तिचा हिशेब. मला ठाऊक होतं, पाणी छातीत उतरतंय हे आता त्यांच्या अंगालाच कळेनासं झालं होतं. मी ओरडले, रडले, विष्णूला फोनवर बोलावलं. तो म्हणाला, "आक्का, ताप हाये जरासा. हवा बदलली ना."

मी पोचले तोवर आबांची छाती भरली होती. ते गेले होते.

माय दाराशी बसलेल्या बायांना सांगत होती, "शेवटाला माझ्या हातानं घोट घोट पानी पिले. तहानलेले न्हाई गेले." बाया म्हणत होत्या, नशीबवान गं बाई. तिला सांगून मी काय मिळवणार होते? नवरा तर गेलाच होता, वर हेही तिच्या माथी मारायचं?

वॉर्डात मी अजून दिवसभर चमचे हिसकावते, बोलणी खाते. गावी गेले की गप्प. माझं घर म्हणजे आता जगात ती एकच जागा, जिथं मला जे येतं ते बोलायची चोरी आहे. दरवेळी माय माझ्यापुढे ताट ठेवते, शेजारी टेकते आणि विचारते, "बराबर केलं ना गं मी?"

मी म्हणते, "बराबर केलंस, माय."