गुडघ्यावर वाजणारी पेटी

मी आदिलाबादच्या एका पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवते आणि मला राग लवकर येतो. घरी माझ्या रागाला कोणी भीक घालत नाही, सासरे तर मुळीच नाही. त्यांना मी मामाजी म्हणते. गुडीहत्नूरच्या अलीकडे त्यांचा वांग्या-टोमॅटोचा मळा आहे, आणि मोहल्ल्यातल्या मारुतीच्या देवळात दर गुरुवारी संध्याकाळी जे भजन होतं, त्यातली पेटी माझ्या लग्नाच्या कितीतरी आधीपासून त्यांच्याकडे होती.

मग एके दिवशी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून ते पडले आणि डावा खांदा गेला. हाड जुळलं, पण हातात जोर आला नाही. पेटी वाजवताना उजवा हात पट्ट्यांवर फिरतो आणि डावा मागचा भाता हलवतो. भाता नाही तर हवा नाही, आणि हवा नाही तर पेटी म्हणजे नुसता खोका. एका हाताने टाळही वाजत नाही. मामाजी काही गुरुवार भिंतीला टेकून बसले, मग नेमकं गुरुवारीच मळ्यात काम निघू लागलं. संध्याकाळी मळ्यात काय काम असतं ते सगळ्यांना माहीत होतं, विचारत कोणी नव्हतं. मला त्यांचं ते खोटं बोलणं सहन होईना. त्यांना पुन्हा पेटीपुढे बसवायचंच, असं मी ठरवून टाकलं.

आधी बाजारातून एक कीबोर्ड आणला. मामाजींनी चार पट्ट्या दाबून पाहिल्या. "बाई, हा एकाच आवाजात बोलते. आनंदातबी तसाच, दुःखातबी तसाच," म्हणाले आणि वांगी निवडायला गेले. बोलणं खरं होतं. भात्यावरचा हात जरा आवळला की सूर बारीक होतो, मोकळा सोडला की भरून येतो. ते सगळं डाव्या हाताचं काम. म्हणजे मला डावा हातच बनवायचा होता.

कीबोर्डच्या पट्ट्या मी एका डब्यात बसवल्या आणि आवाज लहानमोठा करायला पायाने दाबायचं पॅडल केलं. दोन महिने खपले. वायरी, बोर्ड, स्पीकर, सगळं टेबलावर मांडून, खुर्चीत बसून, पायाने दाबून दाबून पाहिलं. फार सुंदर चाललं. मामाजींनी ते पॅडल उलटंसुलटं करून पाहिलं आणि विचारलं, "आता देवापुढं खुर्ची टाकून बसू का मी?" भजनाला माणूस मांडी घालून बसतो, हे लग्नापासून बघत असलेल्या मला दोन महिन्यांत एकदाही सुचलं नव्हतं. तीन दिवस मी त्या टेबलाशी बोलले नाही.

मग मी त्यांच्याकडे बघायला लागले. ओट्यावर मांडी घालून भाजी निवडताना ते गुणगुणत, आणि डावा गुडघा खालीवर होई. जुन्या रबरी चपलेच्या तळव्यात दाब ओळखणारी पट्टी बसवून ती मी त्या गुडघ्याखाली सरकवली. गुडघा दाबला की सूर मोठा, सैल सोडला की लहान. पहिल्या दिवशी पेटीला उचकी लागली, कारण गुडघा ताल धरत होता आणि प्रत्येक ठोक्याला आवाज उडत होता. दाबलं की लगेच आवाज, असं मी हौसेने करून ठेवलं होतं. खऱ्या भात्यात हवा साठते, ती सावकाश सुटते. मीही सूर सावकाश चढेल, सावकाश उतरेल असं केलं. मामाजींनी एक सा लावला, डोळे मिटले. "आता दम धरून राह्यली," म्हणाले. मला इतका आनंद झाला, की कॉलेजात त्या दिवशी मी कोणावर ओरडले नाही. पोरं घाबरली.

गुरुवारी देवळात नवी पेटी गेली. अभंग रंगला आणि शेवट आला तेव्हा सगळा बट्ट्याबोळ झाला. पखवाज एका जागी थांबला, दोन टाळकरी पुढच्या फेरीला निघून गेले, आणि एक आजोबा मान खाली घालून एकटेच पालुपद गात राहिले. दुसऱ्या अभंगाला तेच. तिसऱ्याला पखवाजवाले वैतागले, "या डब्ब्याचं काईतरी चुकून राह्यलं, भाऊ." मामाजींनी पट्ट्यांवर रुमाल टाकला आणि सरकत मागे भिंतीशी गेले. मीच त्यांना चारचौघांत आणून बसवलं होतं.

दुसऱ्या दिवशी पखवाजवाल्यांना गाठून विचारलं, "काका, शेवट कुठं करायचा हे तुमाले कसं कळते?"

"कळते."

"पण कसं?"

"अवो, कळते म्हणजे कळते! त्यात कायचं कसं?"

शेवटी नवऱ्याच्या मोबाइलमधले जुन्या भजनांचे व्हिडिओ काढले. दुपारची वेळ, सासूबाई निजलेल्या, म्हणून आवाज बंद करून पाहिले. आणि आवाज नव्हता म्हणूनच दिसलं. शेवट जवळ आला की मामाजी भाता पुरता मिटून धरत, आणि अख्ख्या मंडळाचे डोळे त्या मिटलेल्या भात्यावर असत. आणखी एक फेरी हवी असली, तर तो पुन्हा उघडे. इतकी वर्षं हे चाललं होतं आणि कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. मामाजींनासुद्धा ठाऊक नव्हतं. माझ्या डब्यात तर बघण्यासारखं काहीच हलत नव्हतं.

"मी त्याला लाल-हिरवा दिवा लावते," मी मामाजींना म्हटलं.

"काऊन? आमचं मंडळ काय चौकातला सिग्नल हाये?"

मग मी जुन्या पेटीचा भाता काढला आणि नव्या डब्यामागे बसवला. आत एक लहान मोटर ठेवली. गुडघा दाबला की भाता उघडतो, गुडघा निवांत ठेवला की मिटतो. हवा नाही, काही नाही, निव्वळ देखावा. मंडळाला दिसावं, एवढ्यासाठी.

गुरुवारी मामाजी देवळात यायला तयार नव्हते. सासूबाईंनी त्यांची टोपी त्यांच्या डोक्यावर ठेवली आणि म्हणाल्या, "चाला." गेले.

पेटीपुढे मांडी घातली, गुडघ्याखाली चप्पल सरकवली. मग त्यांनी उजव्या हाताने आपला डावा हात उचलला आणि भात्यावर नेऊन ठेवला. हे मी सांगितलं नव्हतं, आणि त्याची काही गरजही नव्हती. भाता हलू लागला तसा तो हात त्याच्यासोबत जाऊ लागला, येऊ लागला. अभंग संपताना भाता मिटला आणि पखवाज, टाळ, गळे सगळे एका जागी थांबले. आजोबासुद्धा. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

घरी आल्यावर आता ते खुश होऊन चहा मागतील, असं मला वाटलं होतं. ते डबा माझ्यासमोर ठेवून बसले. ज्या हाताच्या व्यायामासाठी सासूबाई रोज त्यांच्याशी भांडत, तो हात मांडीवर घेऊन चोळत होते.

"हे मोटर लय जोरात ओढते," म्हणाले. "जरा कमी करतं का?"

"दुखलं का, मामाजी?"

"नाई वो. थोडं मले ओढू दे."