जिभेचा उपास

ये गं, जवळ सरक. आणि हे वाचताना पालथी पडू नको, उठून नीट बस, डोळे काय फुकट मिळालेत का? रागावले म्हणून तोंड वाकडं करायचं नाही. माझी सगळी माया रागावण्यातच आहे, गोड बोलायला मला कुणी शिकवलंच नाही. शाळासुद्धा मी पाहिली नाही. मुलींच्या वसतिगृहात भाकरी थापता थापता त्यांच्या पुस्तकांवरून अक्षरं ओळखायला शिकले आणि चर्चच्या गीतांच्या पुस्तकावरून वाचायला. तेव्हा लिहिण्यात चूक सापडली तर मुकाट्यानं पुढं जा.

आम्ही नांदेडची ख्रिस्ती माणसं. ईस्टरच्या आधीचा उपासकाळ सुरू झाला की आमच्यात चाळीस दिवस रोज संध्याकाळी एकेका घरी प्रार्थना असते. रविवार धरत नाहीत. कोणत्या दिवशी कुणाचं घर, त्याची यादी चर्चच्या फळ्यावर लागते. नियम एकच, नुसता चहा ठेवायचा, खायला काही नाही. तरी एखादी बाई बशीत खारी ठेवतेच, आणि मी तिला सगळ्यांपुढं बोलतेच. म्हणजे बोलायची.

माझी धाकटी बहीण लातूरला राहायची. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, आणि शुगर. रोज सकाळी सातला माझा फोन.

"गोळी घेतली का?"

"घेतली."

"खोटं बोलू नको. तोंडात काय हाय तुझ्या?"

"आक्का, तू फोन करतीस का पंचनामा?"

मग भांडण, मग फोन आपटणं. दुसऱ्या दिवशी सातला पहिल्या घंटीला ती फोन उचलायची. पाच मिनिटं उशीर झाला तर तीच करायची, "काय गं, मेलीस का?" असं आमचं चालायचं.

तीन वर्षांमागची गोष्ट. राखेच्या बुधवारी, म्हणजे उपासकाळाच्या पहिल्या दिवशी, चर्चमध्ये आमचे नवे पाळकसाहेब, वयानं माझ्या लेकराएवढे, म्हणाले, "मटण सोडलं, चहा सोडला, पण जीभ तशीच चालू राहिली, तर देवाला काय दिलं?" मग प्रत्येकानं आपण काय सोडणार ते चिठ्ठीवर लिहून वेदीपुढच्या टोपलीत टाकायचं ठरलं. कुणाला सांगायचं मात्र नाही, घरच्यांनासुद्धा. उपास माणसांना दाखवायसाठी नसतो, हे तर शास्त्रातच आहे.

मी दरवर्षी चहा सोडायची. पण त्याच सकाळी बहीण फोनवर रडली होती. म्हणाली होती, "आक्का, तुझ्या तोंडाला देवबी भीत असंल." ते काळजात रुतून बसलं होतं. मी लिहिलं, चाळीस दिवस कुणाला रागावणार नाही.

आणि खरं सांगते, लई हलकं वाटलं. खारीवालीच्या घरी मी खारी उचलून "छान आहे" म्हणाले. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. एकजण म्हणाली, "आक्का, आज गप गप? दात काढले काय?" मी नुसती हसले. वाटलं, या वयात आपण नव्यानं जन्मून राहिलो.

फोनवर बहिणीला म्हणायची, "बरी आहेस ना? प्रभू तुझं भलं करो." ती विचारायची, "आक्का, तुला बरं न्हाई का?" मी म्हणायची, बरी हाय. पुढं दोघींना बोलायलाच काही नसायचं. फोन मिनिटात संपायचा.

तिसऱ्या आठवड्यात मी तिच्याकडं गेले. नांदेडहून लोहा, अहमदपूर करत एसटीनं लातूरला पोहोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलं होतं. तिच्याकडं नळ आठ-दहा दिवसांनी यायचा. घागरी वाहताना चप्पल लागली म्हणून तिनं पायाला चिंधी बांधली होती. मी ती सोडली. जखमेच्या कडा पांढऱ्या पडलेल्या, आणि वास येत होता.

तोंडात शब्द तयार होते. ऊठ, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चल, न्हाई तर झिंज्या धरून नेते. मी ते गिळले. मला वाटलं, सैतान माझी परीक्षा घेतोय, माझा उपास मोडायला बघतोय. मी हळू आवाजात म्हणाले, "दाखवून घे हं. जमेल तसं."

ती माझ्याकडं बघत राहिली. "जमेल तसं?"

"हाव. मी प्रार्थना करते."

तिच्या डोक्यावर हात ठेवून मी लांबलचक प्रार्थना केली. चांगली झाली प्रार्थना, माझेच डोळे भरून आले. परतीच्या एसटीत बसले तेव्हा मला माझा अभिमान वाटत होता. हे मी लपवणार नाही.

ईस्टरच्या आधीचा आठवडा, झावळ्यांच्या रविवारनंतर तिच्या शेजारणीचा फोन आला. बोटं काळी पडली होती. दवाखान्यात नेलं, आणि गुरुवारी गुडघ्याखालून पाय काढला. उत्तम शुक्रवारी चर्चमध्ये येशूच्या वधस्तंभावरच्या सात शब्दांची प्रार्थना चालू असेल तेव्हा मी तिच्या खाटेपाशी बसले होते. ती शुद्धीवर आली.

"आक्का, मला वाटलं तुला सगळं कळलंय," ती म्हणाली. "आता काही उपेग न्हाई, म्हणून तू गोड बोलून राहिलीस. मरणाऱ्या माणसाशी बोलतात तसं. मग म्हटलं, दवाखान्यात कशाला जायचं?"

तेव्हा मी तिला चिठ्ठीचं सांगितलं. ती थोडी हसली. "देवाला दिलीस व्हय माझी बोलणी? मला इचारायचं तरी." आणि तिनं भिंतीकडं तोंड केलं.

ईस्टरच्या पहाटे सगळी मंडळी "प्रभू उठला आहे" म्हणते, त्याला "खरोखर उठला आहे" असं उत्तर द्यायचं असतं. मी तोंड उघडलं नाही. पाळकसाहेब घरी आले, म्हणाले, "आक्का, माझं चुकलं का?" मी म्हटलं, तुम्ही शास्त्रातलंच सांगितलंत. मग चुकलं कुणाचं, ते मला अजून कळलेलं नाही.

आता ती नांदेडला माझ्याजवळ असते. मी पुन्हा रागावते, पहिल्यासारखी, जरा जास्तच. ती गोळी दिली की घेते. "हं" म्हणते. पण उलटून बोलत नाही. मी मुद्दाम खोड काढते, तिच्या भाजीला नावं ठेवते, ती "हं" म्हणते. यंदा प्रार्थनेला आमच्या घराची पाळी आली, माणसं गायला लागली आणि तिनं चादर तोंडावर ओढली. मी यंदा टोपलीत कोरी चिठ्ठी टाकली. गुडघे टेकते, शब्दही येतात, पण पलीकडं कुणी ऐकतंय असं वाटत नाही.

एक गोष्ट मात्र मी पाहिलीय. ओळखीचं माणूस आलं तर ती हलत नाही, पण परकं माणूस आलं की केसांवरून हात फिरवते आणि उशी पाठीशी घेऊन सरळ बसते. मागच्या महिन्यात गॅसवाल्यासमोरसुद्धा बसली होती, टाकी लावून होईपर्यंत. हे वाचणारी तू, तिनं तुला कधी पाहिलेलं नाही, तू तिला अजून परकी आहेस. तेवढ्यासाठी ये. फार दिवस लावू नको, याच आठवड्यात ये.