अठ्ठावीस मशिनींचं सोंग

सुभद्राताई मशीनशी बोलतात, हे कॉम्प्युटरवर नकाशे बनवायला शिकवणाऱ्या अमरावतीच्या संस्थेत सगळ्यांना ठाऊक होतं. नवा माणूस मात्र पहिल्या आठवड्यात हमखास दचकायचा. सर्व्हरच्या खोलीतून आवाज यायचा, "काय झालं बाप्पा तुले? काहून रुसून बसला?" आत डोकावून पाहावं तर ताई एकट्याच. एसीच्या गारठ्यात शाल गुंडाळून, पदर खोचून, रॅकच्या मागं वाकलेल्या.

वीस वर्षांपूर्वी त्या तिथं कॉम्प्युटरवरची धूळ पुसायला लागल्या. पुसता पुसता कोणती वायर कुठून निघते, कुठं जाते, कोणता दिवा कधी मिचकावतो, हे ध्यानात राहत गेलं. डिग्रीवाले यायचे, वर्षभर टिकायचे, पुण्याला पळायचे. ताई जिथल्या तिथं. जाणाऱ्या प्रत्येकाकडून काही ना काही शिकून घेतलेलं, आणि उरलेलं पुस्तकातून, बोट ठेवून ठेवून वाचलेलं. कागदावर त्या अजूनही 'सहायक' होत्या, पण नेटवर्क बसलं की मोठे साहेबसुद्धा पहिले विचारायचे, "ताई कुठं आहेत?"

मूळच्या त्या हिवरखेडच्या. बापाची केळीची बाग होती, आणि सहावीतली सुभद्रा फावडं घेऊन दांडाचं, म्हणजे पाटाचं, पाणी वळवायची. पाणी शेंड्याला पोचलं नाही की बाप म्हणायचा, "इथी उभं राहून काय पाह्यतं? दांडाच्या काठानं चालत जाय. कुठी तरी फुटलं असंन."

दिवाळी दहा दिवसांवर आलेली. बुधवारी दुपारी संस्थेच्या अकोल्याच्या केंद्रातून माधवी मॅडमचा फोन आला. मॅडम केंद्राच्या प्रमुख, पण दसऱ्यानंतरच रुजू झालेल्या. आवाज पार रडवेला.

"ताई, मुख्य ऑफिसचं पत्र आलं. शनिवारी बारा वाजता सगळ्या मशिनींवर एकदम नकाशा उघडून दाखवायचा. एका मिनिटाच्या आत उघडला तर ठीक. नाही तर सोमवारपासून अकोल्याची बॅच बंद. सगळ्यांनी अमरावतीला यायचं."

"आता किती वेळ लागते?"

"अकरा मिनिटं."

ताईंनी कपाळावर हात मारला. "अन् पोरी काय म्हणतात?"

"काय म्हणणार? नऊ जणी तेल्हारा-हिवरखेडकडून रोज येणं-जाणं करतात. घरचे अकोल्यालाच कसेबसे पाठवतात. अमरावती म्हटलं की घरी बसवतील."

हे ताईंना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांचा स्वतःचा टायपिंगचा क्लास गावाजवळच्या अकोटला होता. तो अकोटच्या पुढं असता, तर त्या आज कुठं असत्या हे त्यांना पक्कं माहीत होतं.

"उद्या येतो मी," ताई म्हणाल्या. वऱ्हाडातली बाई 'येते' म्हणत नाही, 'येतो' म्हणते, आणि म्हटलं की येतेच.

गुरुवारी सकाळच्या एसटीनं बडनेरा, मूर्तिजापूर करत साडेनऊला त्या अकोल्याच्या लॅबमध्ये हजर. आत पाहिलं तर अठ्ठावीस पोरंपोरी पडद्यासमोर बसलेली आणि निम्म्या पोरींच्या मांडीवर कापूस. दिवाळीच्या वाती वळणं चाललेलं.

"हे काय व? नकाशाचा क्लास आहे का वातीचा?"

"मॅडम, नकाशा उघडेपर्यंत पन्नास वाती होतात," इशिता नावाची एक पोरगी म्हणाली. "काल चारशे झाल्या. किसनकाकाच कापूस आणून देते."

कोपऱ्यात उभे असलेले किसनराव, केंद्राचे शिपाई, छताकडे पाहायला लागले.

"कोणत्या गावची तू?"

"हिवरखेडची."

"मंग मॅडम कोणाले म्हणतं? मीही हिवरखेडचीच."

"अव बाई, मंग तुमी तर आत्या झाल्या!" इशिता म्हणाली, आणि तिथून पुढं सगळा वर्ग त्यांना आत्या म्हणायला लागला. गावची लेक ती सगळ्या गावाची आत्या.

या लॅबची मांडणी अशी होती, की पोरांपुढं फक्त पडदा आणि मुठीएवढी डबी. खरे कॉम्प्युटर आतल्या खोलीत, एकाच सर्व्हरच्या पोटात. व्हर्च्युअल मशीन म्हणतात ते. आहे म्हटलं तर आहे, नाही म्हटलं तर नाही. ताई नेहमी सांगत, "वावर एकच, हिस्सेदार अठ्ठावीस. पण हरएकाले वाटते का हे सारं आपलंच." नकाशे ठेवलेले शेजारच्या साठवणीच्या यंत्रात. सर्व्हर आणि ते यंत्र, दोन्ही जोडलेले मधल्या एका स्विचनं, म्हणजे वायरी जोडायच्या डब्यानं. नकाशा मागितला की तो त्या स्विचमधून यायचा.

ताईंनी पहिला फोन लावला तो नितेशला. नागपूरच्या ज्या कंपनीनं हा सर्व्हर बसवला, तिचा हा इंजिनिअर.

"ताई, सर्व्हरच छोटा पडून राह्यला ना," नितेश म्हणाला. "मी इथून रोज पाह्यतो. बडा घ्या, नाही तर अमरावतीवरून चालवा."

"तू इथी आला होता का, भाऊ?"

"यायची जरूरतच नाही पडत आजकाल. सब इथूनच दिसतं."

"सारंच दिसते?" ताई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मग इशिताला विचारलं, "हे पहिलेपासून असंच आहे?"

"नाई आत्या. मी मागच्या बॅचलेही होती. तवा बारा जण होतो, तरतर उघडे नकाशा. दसऱ्याच्या सुटीवरून आलो, अन् तवापासून हे असं."

दसऱ्यापासून! ताईंनी शाल गुंडाळली आणि आतल्या खोलीत गेल्या. सर्व्हरच्या मागं हात घातला, जाडी वायर धरली आणि तिच्या काठाकाठानं निघाल्या. रॅकच्या मागून, टेबलाखालून, खोक्यांच्या मागून. वायर जिथं संपली तिथं एक पांढरा प्लॅस्टिकचा स्विच होता. बोटभर जाड, पार जुना, कोणे काळी ऑफिसातल्या पाच कॉम्प्युटरसाठी घेतलेला. अठ्ठावीस मशिनींचे नकाशे त्या बिचाऱ्यातून चालले होते. केळीच्या सगळ्या बागेचं पाणी शाईच्या पेनातून सोडावं तसं.

"किसनभाऊ!" ताईंनी हाक मारली. "मी अमरावतीवरून धाडला होता तो काळा स्विच कुठी गेला? लोखंडी, जड?"

किसनराव दारात येऊन उभे राहिले. "तो पूजेत आहे ना ताई."

"पूजेत?"

"खंडेनवमीले मांडला जुन्या साहेबानं. हत्याराची पूजा नाई का करा लागत? आता या खोलीत हत्यार म्हणा तर हेच. अन् लोखंड पाह्यजे का नाई? प्लॅस्टिकची पूजा कशी कराव? म्हनून तो काळा घेतला अन् दोन दिवसांपुरता हा पांढरा लावला. याचेही दिवे लागतात, त्याचेही लागतात."

"अन् मंग दोन दिवसानं काहून नाई काढला?"

"पूजा हलवाव कोणं?" किसनरावांनी उलट विचारलं. "ज्यानं मांडली त्यानं हलवाव. अन् साहेब तर दसरा झाला अन् बदलीवर गेले. मी कसा हात लावू? पाप लागते."

माधवी मॅडमच्या खोलीत, देवीच्या फोटोखाली, लाल कापडावर तो काळा स्विच बसला होता. अंगावर हळद-कुंकू, डोक्यावर सुकून कोळसा झालेला झेंडू. मॅडमनी तोंडावर हात धरला. "अगं बाई! मी रोज याला उदबत्ती लावते. मला वाटलं, केंद्राची प्रथा आहे."

ताई खाली बसल्या आणि जे हसू फुटलं ते डोळ्याला पदर लावेपर्यंत. मग मॅडमच्या हातात अक्षता दिल्या. "आता प्रमुख तुमी. हलवा पूजा."

मॅडमनी अक्षता टाकल्या, किसनरावांनी हात जोडून "हलवला, हलवला" म्हणत स्विच दोन बोटं उजवीकडं सरकवला, आणि खंडेनवमी एकदाची आटोपली.

कुंकू कोरड्या ब्रशनं झाडून ताईंनी तो जागेवर बसवला. पोरांनी एकदम नकाशा उघडला. सव्वातीन मिनिटं! पोरी नाचायला लागल्या.

ताई नाचल्या नाहीत. एक मिनिट म्हणजे एक मिनिट. सव्वातीन घेऊन शनिवारी काय सांगायचं?

शुक्रवारी सकाळी त्या सर्व्हरसमोर खुर्ची ओढून बसल्या. पोरांना पुन्हा पुन्हा नकाशा उघडायला लावला आणि आकडे पाहत राहिल्या. गंमत अशी, की वायर आता अर्धीही भरत नव्हती. रस्ता मोकळा. पण सर्व्हरचा मेंदू मात्र शंभरावर पोचून धापा टाकत होता. नकाशा आणायला मेंदूला एवढी मेहनत कशाची?

"कशानं दमून राह्यला रे तू?" ताईंनी त्याला विचारलं. आणि एकेका मशीनची कुंडली उघडून वाचायला लागल्या. चौथ्या ओळीवर बोट थांबलं. मशीन ज्यातून नेटवर्कशी बोलते त्या नेटवर्क कार्डाचा प्रकार. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस मशिनींना एका फार जुन्या, खरोखरच्या कार्डाची नक्कल जोडलेली होती.

त्यांनी पोरांना जवळ बोलावलं. "बहुरूपी पाह्यला का तुमी? शिपायाचं सोंग घेऊन येते, शिट्टी मारते, सलाम ठोकते. आपल्याले माहीत असते का हा शिपाई नाई. पण या मशिनींले माहीत नाई. त्यांले वाटते आपल्यापाशी खरंखुरं कार्ड आहे. मंग सर्व्हरले त्या कार्डाचं सोंग घ्या लागते. माहितीचं एक पाकीट आलं का घे सोंग, ठोक सलाम. दुसरं आलं का पुन्हा. एका नकाशात अशी लाखो पाकिटं."

"मंग थो दमनच ना आत्या!"

"दमनच. पण एक दुसऱ्या तऱ्हेचं कार्ड असते. त्यात मशीनलेही कबूल असते का मी खरी नाई, अन् सर्व्हरलेही. दोघं सरळ बोलतात. सलाम नाई, शिट्टी नाई."

नितेशला फोन केला. कार्डाचं विचारलं.

"ताई, ते जुनं कार्ड कुठंही चालते, म्हणून बसवताना तेच राहून गेलं. पण आता हात नका लावू. नवं टाकलं अन् मशीन नेटवर्कवरून उडाली तर कल शनिवार आहे!"

त्याचं खोटं नव्हतं. ताईंनी आधी सगळ्या मशिनींची जशीच्या तशी नक्कल काढून बाजूला ठेवली. मग फक्त इशिताची मशीन घेतली. नव्या कार्डाला लागणारं सॉफ्टवेअर आत टाकलं, मशीन बंद केली, कार्ड बदललं, चालू केली. कोपऱ्यात लाल फुली. नेटवर्क गायब.

इशिताचा चेहरा उतरला. "गेली का आत्या?"

ताईंनी जुन्या आणि नव्या कार्डाच्या ओळी ताडून पाहिल्या, आणि स्वतःशीच मान हलवली. मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता जुन्या कार्डावर लिहिलेला होता. कार्ड गेलं, त्याच्यासोबत पत्ताही गेला. नव्या बिऱ्हाडाला घर नंबरच नव्हता, तर पाकीट पोचणार कुठं? त्यांनी पत्त्याचे आकडे हातानं भरले. फुली गेली. इशितानं नकाशा मागितला.

नऊ सेकंद.

"हे एकटीचं आहे," ताई म्हणाल्या आणि पुढच्या मशीनकडं वळल्या.

मग लॅबमध्ये लगीनघाई सुरू झाली. उरलेल्या सत्तावीस मशिनी, प्रत्येकीचा पत्ता वेगळा. ताई कार्ड बदलायच्या, माधवी मॅडम यादीतून पत्ता वाचायच्या, ज्याची मशीन तो आकडा भरायचा आणि पाढ्यासारखा परत म्हणून दाखवायचा. दोघांचे पत्ते एक झाले तर दोघंही बसले असते, म्हणून किसनराव फळ्याजवळ खडू घेऊन उभे. झालेल्या आकड्यावर आडवी रेघ. "पुढचा नंबर बोला बाप्पा!" करत त्यांनी सगळ्यांना पळवलं. सतरा शुक्रवारी झाल्या, दहा शनिवारी सकाळी. साडेअकराला शेवटची रेघ मारली.

बाराला दहा कमी असताना अमरावतीचे साहेब व्हिडिओवर आले. मागं त्यांच्या केबिनचा पंखा दिसत होता. "चला, दाखवा," म्हणाले. सूर असा, की पत्र तयारच आहे, फक्त सही बाकी आहे.

मॅडमनी मोबाईलवर वेळ लावली. ताई मागच्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या, शालीचं टोक मुठीत. रोज येणं-जाणं करणाऱ्या त्या नऊ पोरी एकाच रांगेत बसल्या होत्या. त्यातल्या एकीनं डोळे मिटलेले.

"एक, दोन, तीन!"

अठ्ठावीस बोटं एकदम पडली. वीस सेकंदांना पहिला नकाशा उघडला, मग तिसरा, सातवा, नंतर लाह्या फुटाव्यात तसे इथून तिथून. नद्या, पांदणवाटा, विहिरी, वावरांचे धुरे-बांध. पस्तिसाव्या सेकंदाला एकच पडदा पांढरा उरला, डोळे मिटलेल्या पोरीचा. एक्केचाळीस. उघडला.

"आता डोये उघड व!" इशिता ओरडली, आणि त्यानंतर साहेब काय बोलले ते कोणाला ऐकू आलं नाही. माधवी मॅडमनी मोबाईल कानाला लावून दोनदा विचारलं तेव्हा कळलं. बॅच अकोल्यालाच राहील. आणि ताईंना विचारा, अमरावतीच्या मशिनींवर कोणतं कार्ड आहे?

"सोमवारी पाह्यतो म्हना," ताई म्हणाल्या. त्यांचं लक्ष तिकडं नव्हतंच. नऊही पोरींनी त्यांना घेरलं होतं, आणि एक गळ्यात पडून हसत होती का रडत होती ते समजत नव्हतं.

दोनची एसटी पकडायची म्हणून ताई पिशवी भरायला लागल्या, तर पोरी सोडेनात.

"आत्या, अजून एकदा उघडू ना!"

"काहून? उघडला ना आता."

"मजा येते पाह्याले!"

पुन्हा एक, दोन, तीन झालं. पुन्हा लाह्या फुटल्या. मग आणखी एकदा, आणि मग किसनरावांना स्वतः बटण दाबायचं होतं म्हणून एकदा. दोनची एसटी गेली. साडेतीनचीही जायच्या बेतात होती. ताई पिशवी घेऊन दारापर्यंत पोचल्या तर मागून आवाज आला, "एक, दोन..."

वळून पाहिलं. मोजत होत्या माधवी मॅडम.

"मॅडम, तुमीसुद्धा?" ताई म्हणाल्या, आणि पिशवी खाली ठेवून पुन्हा आत आल्या.